चौदा फुटी टेम्पो, चार दावे

टेम्पोच्या दोन्ही अंगांना निळ्या अक्षरांत पॅकर्स अँड मूव्हर्सचं नाव होतं. खाली 'ऑल इंडिया सर्व्हिस' आणि दोन मोबाइल नंबर. अपघाताच्या फोटोत टेम्पो डाव्या कुशीवर आडवा पडलाय, त्यामुळे उजव्या अंगावरचं नाव आभाळाकडे तोंड करून आहे आणि पुलावरून काढलेल्या फोटोत ते अक्षर न् अक्षर वाचता येतं. मयताच्या पत्नीने माझ्यासमोर फोन धरला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि नावावर बोट ठेवलं. "मॅडम, हीच कंपनी. हिच्यावरच केस करायची."

त्या नावाचा तिच्या दाव्याला जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही. त्याच टेम्पोत मागे बसलेल्या हमालाला मात्र जे मिळालं ते केवळ त्या नावामुळे मिळालं. मी पुण्यात मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम करते, आणि एकाच अपघातातून चार वेगळ्या वाटा फुटलेल्या मी इतक्या स्वच्छ क्वचितच पाहिल्या, म्हणून हे लिहून ठेवतेय. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावं, वयं आणि काही रकमा बदलल्यात. कायद्याचे आकडे आहेत तसेच आहेत.

फेब्रुवारी २०२३. साताऱ्याकडचे एक शिक्षक, वय ४८, बदली होऊन पुण्याकडे आले आणि वारज्यात भाड्याने घर घेतलं. सामान हलवायला ऑनलाइन शोधून पॅकर्स-मूव्हर्स ठरवला. भाडं १४,५०० रुपये, वर 'ट्रान्झिट इन्शुरन्स'चे २,४००. सकाळी सहाला टेम्पो भरून निघाला. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि शिक्षक. मागे हौद्यात, गाद्यांच्या गठ्ठ्यावर, दोन हमाल आणि शिक्षकांचा भाचा. भाच्याकडे टीव्ही धरून बसायचं काम. शिक्षकांची पत्नी आणि मुलगी एसटीने मागून येणार होत्या.

खंबाटकी उतरली, खेड-शिवापूरचा टोलनाका गेला, कात्रजचा नवा बोगदा आला. बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार. पुण्यातल्या माणसाला या उताराबद्दल वेगळं सांगायला नको. डिझेल वाचवायला ड्रायव्हर इथे गाडी न्यूट्रलला टाकतात. इंजिनाने जी गाडी धरून ठेवायची ती सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि पुलाजवळच्या गर्दीत शिरताना पाय दाबूनही गाडी ऐकत नाही. साडेनऊच्या सुमारास या टेम्पोचं तेच झालं. डाव्या कडेने चाललेल्या दुचाकीला मागून धडक, मग कठड्याला घासत जाऊन टेम्पो आडवा. दुचाकीवरचा ३४ वर्षांचा इलेक्ट्रिशियन जागीच गेला. शिक्षकांचा डावा पाय डॅशबोर्डखाली सापडला. एका हमालाच्या पायावर लोखंडी कपाट आलं. भाच्याचं खरचटण्यावर निभावलं. टीव्ही अर्थातच फुटला.

मालक नक्की कोण

इलेक्ट्रिशियनच्या पत्नीला, म्हणजे फोटो दाखवणाऱ्या त्या ताईंना, मी पहिल्या भेटीत एवढंच म्हटलं, "नाव राहू दे, गाडीचा नंबर दाखवा." नंबरावरून आर.सी., म्हणजे वाहनाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, काढली. ती निघाली कऱ्हाडच्या एका गृहस्थाच्या नावावर. त्यांनी टेम्पो २०२१ मध्ये विकला होता, १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून, पैसे मोजून घेऊन. घेणाऱ्याने तो पॅकर्स-मूव्हर्सकडे 'मार्केटची गाडी' म्हणून फेरीवर लावला. म्हणजे कागदावरचा मालक एक, चालवून खाणारा दुसरा आणि अंगावर नाव मिरवणारा तिसरा. या धंद्यातली निम्मी वाहनं अशीच फिरतात असं म्हटलं तर वाहतूकवाले माझ्यावर रागावतील, पण मनातून नाकारणार नाहीत.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर वाहनाची नोंद तो मालक. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. त्यासाठीचे फॉर्म २९ आणि ३० कोणीच भरले नाहीत, तर आर.सी.वरचं नाव हलत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी ठणकावून सांगितलंय. तिथे गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी चार हात फिरली होती. न्यायालय म्हणालं, जखमी माणसाने किंवा मयताच्या वारसांनी विक्रीची ही साखळी शोधत हिंडायचं नसतं.

नोटीस मिळाल्यावर कऱ्हाडकरांचा मला थेट फोन. "अहो मॅडम, मी गाडी विकून दीड वर्ष झालं. ड्रायव्हरचं तोंड मी पाहिलेलं नाही. मला कशाला ओढता?" समोरच्या पक्षकाराशी मी केसबद्दल बोलत नाही, त्यामुळे 'तुमच्या वकिलांना भेटा' एवढंच सांगितलं. पण त्यांचं नशीब थोर होतं. घेणाऱ्याने विमा दरवर्षी भरला होता, आणि आर.सी. बदललेली नसल्याने पॉलिसीही आपोआप जुन्याच नावाने निघत गेली. नोंदणीतला मालक आणि विमा उतरवलेला मालक एकच. विमा कंपनीला तिथे पळवाट उरली नाही.

पॅकर्स-मूव्हर्सला आम्ही चौथा जाबदार केलं होतं. मुद्दा असा की गाडी भाड्याने घेतली तरी ड्रायव्हरने कधी निघायचं, कुठल्या रस्त्याने जायचं, किती वाजता पोहोचायचं हे जो ठरवतो, त्याच्यावरही ड्रायव्हरच्या चुकीची जबाबदारी येते. राजस्थान राज्य परिवहन विरुद्ध कैलाशनाथ कोठारी या १९९७ च्या निकालाचा धागा तोच आहे, तिथे बस भाड्याची होती. आमच्याकडे सुपरवायझरचा ड्रायव्हरला पाठवलेला मेसेजही होता: '१० च्या आत वारजे. दुपारी दुसरी गाडी भरायची आहे.' मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाने हा मुद्दा निकालात काढलाच नाही. विमा कंपनी पूर्ण भरपाई देणार असेल तर आणखी एक खिसा शोधायची गरज नाही, असा त्याचा सूर. मला ते पटलं नाही, पण अशिलाच्या दृष्टीने फरकही पडला नाही. पॉलिसी संपलेली असती तर हाच मेसेज सगळ्या फायलीतला सर्वांत मोलाचा कागद ठरला असता.

विमा कंपनीचे तीन मुद्दे

पहिला, ब्रेक फेल. यात ड्रायव्हरचा दोष नाही, यंत्र बिघडलं, असं मालकाच्या आणि कंपनीच्या कैफियतीत. हा बचाव १९७७ च्या मिनू मेहता निकालापासून सगळ्या वकिलांना पाठ आहे आणि क्वचितच चालतो, कारण बिघाड लपलेला होता आणि नीट देखभाल करूनही सापडला नसता, हे मालकाने सिद्ध करायचं असतं. इथे तर मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीत ब्रेकची यंत्रणा शाबूत होती आणि पंचनाम्यात एक ओळ होती, 'गिअर लिव्हर न्यूट्रल स्थितीत'. धडकेत लिव्हर हलली असेल, असं कंपनीच्या वकिलांनी निरीक्षकाला उलटतपासात सुचवलं. निरीक्षक म्हणाले, "हलू शकते." मग जरा थांबून, "पण रस्त्यावर ब्रेकचे व्रणच नव्हते, आणि लायनिंग जळालेली होती." तो मुद्दा तिथेच संपला.

ड्रायव्हरवर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या २७९, ३०४-अ, ३३७, ३३८ कलमांखाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघातांत त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची १०६(१), १२५ आणि २८१ ही कलमं दिसतात. पुष्कळांना वाटतं फौजदारी खटला संपल्याशिवाय भरपाई नाही. तसं नाही. न्यायाधिकरणाला संशयातीत पुरावा लागत नाही, जास्त शक्यता कशाची एवढं पुरतं. इथे निवाडा झाला तेव्हा फौजदारी खटल्यात अजून साक्षीच चालू होत्या.

दुसरा मुद्दा हेल्मेटचा. मयताने हेल्मेट घातलं नव्हतं हे खरं. कंपनीने २५ टक्के कपात मागितली. पण पोस्टमॉर्टेममध्ये मृत्यूचं कारण छाती-पोटाला झालेली चिरडण्याची दुखापत. डोक्याला मार नाही. नियम मोडणं वेगळं आणि त्या मोडण्यामुळे इजा होणं वेगळं. हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात, एका दुचाकीवर तिघं बसले होते त्या संदर्भात, स्पष्ट केलंय. कपात शून्य.

तिसरा मुद्दा लायसन्सचा, आणि याची मला खरी धास्ती होती. ड्रायव्हरकडे हलक्या मोटार वाहनाचं साधं लायसन्स. व्यावसायिक वाहनाची नोंद नाही. टेम्पोचं एकूण वजन, माल धरून, ७,२०० किलो. मुकुंद देवांगन या २०१७ च्या निकालाने अशा लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवायला मोकळीक दिली होती, पण तो प्रश्न २०२२ मध्ये घटनापीठाकडे गेला आणि आमचा दावा चालू असताना टांगलेलाच होता. घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी प्रकरणात मोकळीक कायम ठेवली. निकाल उलटा लागला असता तरी ताईंचे पैसे बुडाले नसते. आधी कंपनीने भरायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश अशा वेळी बहुधा होतो. बुडाले असते कऱ्हाडकर.

एक हजार म्हणजे दोन लाख

एवढं सगळं लढून झाल्यावर उरतो पैशाचा हिशेब, आणि माझ्या अनुभवात खरी लढाई तिथेच असते.

मयत स्वतंत्र काम करणारा. आयकर विवरणपत्र नाही, पगारपत्रक नाही. ताई पहिल्या दिवशी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या होत्या. त्यात काच तडकलेला मोबाइल, एक वही आणि अवजारांच्या पेटीवरून सोलून काढलेला क्यूआर कोडचा स्टिकर. एका कोपऱ्याचा कागद पेटीलाच राहिला होता. मी वही बाजूला ठेवली आणि स्टिकर कोणत्या बँकेचा ते पाहिलं. चौदा महिन्यांचा उतारा काढला. महिन्याला सरासरी २१,३०० रुपये जमा, बहुतेक रकमा साडेतीनशे, पाचशे, आठशे अशा. उलटतपासात ताईंना विचारलं गेलं, "यात वायर, स्विच, बल्बचे पैसेही असतील ना?" त्या म्हणाल्या, "सामान गिऱ्हाईक आणायचं. हे मजुरीच घ्यायचे." पढवून येणारं उत्तर नव्हतं ते. तरी न्यायाधिकरणाने १८,००० धरले.

त्यावर हिशेब असा. वय ४० च्या आत आणि स्वतःचा व्यवसाय, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के. हा नियम प्रणय सेठी प्रकरणातल्या घटनापीठाचा, २०१७ चा. महिना २५,२००, वर्षाला ३,०२,४००. पत्नी, दोन मुलं आणि आई, असे चार अवलंबून, म्हणून स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा. उरले २,२६,८००. वय ३१ ते ३५ मध्ये, सरला वर्मा निकालाच्या तक्त्याप्रमाणे गुणक, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा, १६. झाले ३६,२८,८००. सहवास गमावल्याचे चौघांना प्रत्येकी ४८,४००, इस्टेटीच्या नुकसानीचे १८,१५० आणि अंत्यविधीचे १८,१५०. या तीन रकमा मुळात ४०, १५ आणि १५ हजार होत्या, त्यांत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ होते. एकूण ३८,५८,७००, वर अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज.

आता उलट बाजूने बघा. या कुटुंबात महिन्याच्या उत्पन्नातला एकेक हजार म्हणजे भरपाईत २,०१,६०० रुपये. तो स्टिकर पेटीवरच राहून पेटी भंगारात गेली असती, आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने बारा हजार धरले असते, तर बारा लाखांहून जास्तीचा फरक पडला असता. मी नव्या अशिलांना आता वहीच्या आधी क्यूआर कोड विचारते.

मध्ये लोकअदालतीत कंपनीने २२ लाख देऊ केले होते. सासूबाई 'घे' म्हणत होत्या, भाऊ 'नको' म्हणत होता. मी दोन्ही बाजू मांडल्या, उत्पन्न बारा हजारच धरलं गेलं तर काय हेही सांगितलं. ताईंनी दोन दिवस घेतले आणि नको म्हणाल्या. चुकलं असतं तर दोष माझ्याकडे आला असता, हे मला पूर्ण ठाऊक होतं. निवाडा मार्च २०२५ मध्ये आला. अर्ज जून २०२३ मध्ये केला होता, म्हणजे २१ महिन्यांचं व्याजच पाच लाखांच्या वर. कंपनी अपिलात गेली नाही. मुलांचा वाटा सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत आहे.

अर्जाच्या मुदतीबद्दल एक. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये सहा महिन्यांची मर्यादा परत आलीय. दु:खातून सावरेपर्यंत सहा महिने कसे जातात कळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, या मुदतीला दिलेलं आव्हान प्रलंबित असेपर्यंत मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश दिला. पण अंतरिम आदेशावर विसंबून फाइल कपाटात ठेवणारा वकील मी नव्हे. आणि अजूनही लोक 'दोष नसतानाचे पन्नास हजार' मागायला येतात. ते कलम १४० त्याच तारखेला कायद्यातून गेलं. आता दोष सिद्ध न करता मागायचं असेल तर कलम १६४, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. तेवढ्यावर समाधान मानायचं की दोष सिद्ध करून १६६ खाली लढायचं, हे आधी ठरवावं लागतं.

तोच पाय, दोन भाव

शिक्षकांचा दावा दुसऱ्या वकिलांकडे होता, पण सुनावण्या एकत्रच होत. कंपनी म्हणाली, मालवाहू गाडीत फुकट बसलेला प्रवासी, आमची जबाबदारी नाही. मालवाहू वाहनातल्या फुकट प्रवाशाला विम्याचं कवच नाही, हे २००२ च्या आशा राणी निकालापासून पक्कं आहे. पण १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना कवच दिलंय. शिक्षक वाचले ते बिल्टीमुळे, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीमुळे. माल पाठवणारा म्हणून त्यांचं नाव, घेणारा म्हणूनही त्यांचंच. शिवाय ते केबिनमध्ये होते. २००७ च्या चोल्लेटी भारतम्मा निकालाप्रमाणे मालाच्या मालकानेही केबिनमध्येच बसायला हवं. मागे टीव्ही धरून बसलेल्या भाच्याचा पाय मोडला असता तर त्याला विमा कंपनीकडून काहीही मिळालं नसतं, असं माझं मत आहे. घर हलवताना घरातल्या पोराला 'तू मागे बस, सामानावर लक्ष ठेव' असं आपण किती सहज सांगतो.

शिक्षकांना डाव्या नडगीचं फ्रॅक्चर. हमालालाही नडगीचंच. दोघांच्या एक्स-रेत प्लेट आणि स्क्रू जवळपास सारखे. दोघांचा पाय ३०-३५ टक्के अधू झाल्याचे दाखले. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालाचं सूत्र असं की पाय किती टक्के गेला हे विचारायचं नाही, त्या माणसाची कमाई किती टक्के गेली हे विचारायचं. शिक्षक चार महिन्यांनी काठी घेऊन शाळेत रुजू झाले, पगार पूर्वीइतकाच. कमाईचं नुकसान शून्य. उपचारांचे २,७४,०००, खर्ची पडलेल्या रजेचे २,४८,०००, वेदनांचे आणि जगण्यातला आनंद कमी झाल्याचे एकेक लाख, आहार-प्रवासाचे ४०,०००. बेरीज ७,६२,०००. त्यांना ते कमी वाटलं. मला रास्त वाटतं.

हमाल मात्र तिसऱ्या मजल्यावर फ्रिज पाठीवर चढवणारा गडी. वय ३०, बीडकडचा, रोज ७०० रुपये. डॉक्टरांनी कमाईची क्षमता ६० टक्के गेल्याचं लिहून दिलं. माझ्याकडे तो आला अपघातानंतर आठ महिन्यांनी, तेही ताईंच्या भावाच्या ओळखीने. मोटार वाहन कायद्याखाली हिशेब केला, तर महिना १८,००० धरून, ४० टक्के वाढ, गुणक १७ आणि ६० टक्के लावून ३०,८४,४८० येतात. मग मी त्याला तो दावा करू नको असं का सांगितलं?

कारण ते पैसे देणार कोण? पॉलिसीत पगारी माणसांसाठी जादा प्रीमियम भरला होता तो माणशी ५० रुपये, ड्रायव्हर आणि एक क्लीनर एवढ्याच दोघांचा. आणि तो भरला असला तरी मालकाच्या कामगारापुरती कंपनीची जबाबदारी कर्मचारी भरपाई कायद्याच्या रकमेइतकीच, हे प्रेमबाई पटेल या २००५ च्या निकालापासून ठरलेलं. त्यातून हा टेम्पोमालकाचा कामगारच नव्हता. म्हणजे कंपनीच्या भाषेत हौद्यात बसलेला उपरा. तीस लाखांचा निवाडा मिळाला असता तो कऱ्हाडच्या निवृत्त माणसाविरुद्ध आणि टेम्पो भंगारात गेलेल्या, हप्ते थकलेल्या त्या घेणाऱ्याविरुद्ध. असे निवाडे माझ्या कपाटात आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे दोन्हीपैकी एकाच कायद्याखाली मागता येतं, त्यामुळे निवड चुकली की चुकली.

"तुला पैसे कोण द्यायचं?" मी विचारलं.

"सुपरवायझर. फोनपे करायचा."

"मुकादम नाही?"

"मुकादमानं लावून दिलं फक्त. मग सगळं सुपरवायझरच."

त्याच्या फोनमध्ये अकरा महिन्यांच्या नोंदी होत्या: ७००, ७००, १,४००, एकदा ३५० आणि शेजारी 'हाफ डे'. पाठवणाऱ्याच्या जागी टेम्पोच्या अंगावरचं तेच निळं नाव. इथे ते नाव कामाला आलं.

१९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली कोणाची चूक हे सिद्ध करावं लागत नाही. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरतं. मजुरी कितीही असली तरी हिशेबाला महिन्याला १५,००० ची कमाल मर्यादा. त्याचे ६० टक्के ९,०००, तीस वर्षांना कायद्याच्या तक्त्यातला गुणांक २०७.९८, झाले १८,७१,८२०, त्याचे ६० टक्के ११,२३,०९२. मालकाने वेळेत न दिल्यास १२ टक्के व्याज आणि वर निम्म्यापर्यंत दंड. हा दंड विमा कंपनीवर ढकलता येत नाही. पॅकर्स-मूव्हर्स फर्मने त्याची ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, नोंद केली असती तर हा दावाच करता आला नसता. नोंद नव्हती, त्यांच्या दुर्दैवाने.

फर्मने दोन गोष्टी मांडल्या. एक, माणूस मुकादमाचा. दोन, कलम १२ खाली मूळ काम घेणाऱ्याला जबाबदार धरायचं तर अपघात त्याच्या कामाच्या किंवा ताब्यातल्या जागेत व्हायला हवा, आणि नवले पूल काही आमचं गोडाऊन नाही. दुसरा मुद्दा हुशारीचा होता, नाही असं नाही. आमचं म्हणणं, घर हलवण्याच्या धंद्यात टेम्पोचा हौदा हीच कामाची जागा. आणि मजुरी थेट फर्मच्या खात्यातून येते तेव्हा कलम १२ पर्यंत जायचंच कशाला, फर्मच मालक. कर्मचारी भरपाई आयुक्तांपुढे यावर निकाल झाला असता तर मला हवाच होता. पण सुपरवायझरची साक्ष लागायच्या आदल्या तारखेला फर्मने तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली, ११ लाख. व्याज सोडावं लागलं. मी सांगितलं की लढलो तर कदाचित तेरा-चौदा, पण वर्ष-दीड वर्ष जाईल. तो म्हणाला, "गावाकडं बहिणीचं लग्न थांबलंय." आयुक्तांनी तडजोड नोंदवण्याआधी त्याला उभं करून, रक्कम समजली का, कोणाचा दबाव नाही ना, हे मराठीत दोनदा विचारलं. आता गावात त्याचं पिठाच्या गिरणीचं काम चालू आहे. नव्या अपघातांना २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, त्यामुळे कलमांचे आकडे बदलतील.

सामानाचा चौथा दावा ग्राहक आयोगात गेला आणि फारसा गाजला नाही. रस्ते मालवाहतूक कायदा २००७ प्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. शिक्षकांनी ती हॉस्पिटलच्या खाटेवरूनच दिली होती. शिस्तीचा माणूस. जास्त किंमत घोषित केलेली नसेल तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, म्हणजे इथे १,४५,०००. नुकसान १,१०,००० चं. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क'चा शिक्का होता, पण निष्काळजीपणा असेल तर त्या शिक्क्याने वाहतूकदार सुटत नाही. आणि जे २,४०० रुपये इन्शुरन्सचे म्हणून घेतले, त्याची पॉलिसी दाखवा म्हटल्यावर फर्मकडे काहीच नव्हतं. पॉलिसी काढलीच नव्हती. नुकसानीची पूर्ण रक्कम, ते २,४०० परत, आणि मानसिक त्रासाचे वेगळे.

निवाड्याच्या दिवशी शिवाजीनगरला कोर्टाच्या व्हरांड्यात कऱ्हाडकर भेटले. त्यांच्यावर वसुलीचा आदेश नव्हता, चेहऱ्यावर दोन वर्षांचं ओझं उतरलेलं. माझ्याजवळ आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, केसचं नाही विचारत. माझ्या नावावर अजून कुठल्या गाड्या फिरतायत, ते कुठं बघायला मिळतं? आधी एक पिकअप विकली होती. आणि एक ट्रॅक्टर."